स्त्री-अभ्यासाच्या अनुदानाला कात्री का नको?

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग स्थापन झाला आणि १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर घसरल्याचे शासकीय समितीने जगापुढे मांडले, तेही १९७४ सालीच. जनगणनेच्या दप्तरात आकडे पडून असतातच. परंतु त्यांतून गर्हणीय सामाजिक वास्तव हुडकून काढण्यास व्यासंगी अभ्यासकच लागतात. असे असूनही अशी केंद्रे बहुधा योजनांतर्गत अनुदानावर विसंबलेली, त्यामुळे बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपताच त्यांच्या अस्तित्वाचाच प्रश्न ऐरणीवर आला. करारावरील अध्यापकाची मुदत सरली, की त्याचे संशोधनही अर्धवट राहते. म्हणून कायम, मंजूर पदे हाच खरा बंदोबस्त होय.