भोपळ्यात बसलेली म्हातारी नेमकी कुठली? शिरूरची, बंगालची की इराणची?

म्हातारी लेकीकडे निघालेली असते. वाटेत जंगल लागतं. कोल्हा, लांडगा, वाघ असा एकेक जण आडवा येतो आणि तिला खायला निघतो. म्हातारी म्हणते, आत्ता नुसती हाडंच आहेत माझी. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाते, अंगाने भरते, येताना खा. परत निघताना लेक तिला मोठ्या भोपळ्यात बसवते आणि भोपळा गडगडत घरच्या वाटेला लागतो.

ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. शिरूरमध्ये विचारा, दौंडमध्ये विचारा, ‘ही आमच्या आजीची गोष्ट’ असंच उत्तर येईल.

पण तेहरानच्या एखाद्या पोराला विचारलं तर तोही हेच सांगेल. इराणमध्ये ही गोष्ट ‘कदू क़ेलक़ेलेज़न’ म्हणून प्रसिद्ध आहे. कदू म्हणजे भोपळा. तिथेही म्हातारी लेकीकडेच जाते, वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि परतीचा प्रवास भोपळ्यातूनच होतो. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, १९१० साली ‘टुनटुनीर बोई’ हे पुस्तक काढलं. त्यात कुबड्या म्हातारीची गोष्ट आहे. ती नातीकडे जाते आणि परत येते ती भोपळ्यात बसून. पंजाबात तर म्हातारीच्या जागी कोकरूच आहे. ते आजीकडे चरायला जातं आणि परतताना ढोलात बसतं. फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांच्या १८९४ च्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’ या पुस्तकात ही गोष्ट सापडते. फरक एवढाच, की तिथे शेवटी कोल्हा ढोल ओळखतो आणि कोकरू खाऊन टाकतो.

मग गोष्ट कोणाची?

हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या अभ्यासकांनाही पडला होता. त्यावर फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० साली एक उपाय काढला. जगभरात सारख्या दिसणाऱ्या गोष्टींना क्रमांक द्यायचा. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ही यादी १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली. २००४ साली जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी ती पुन्हा तपासली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आज ती एटीयू यादी म्हणून ओळखली जाते. साधारण १ ते २९९ मध्ये प्राण्यांच्या गोष्टी, ३०० ते ७४९ मध्ये जादूच्या, आणि पुढे चतुर माणसं, मूर्ख माणसं, विनोद वगैरे.

भोपळेवाल्या म्हातारीचा क्रमांक आहे १२२ एफ. ‘थांब, मी जाड होईपर्यंत’ अशा अर्थाचं नाव त्याला दिलंय. ग्रंथालयात पुस्तकावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखाच हा प्रकार. आपल्या आजीच्या गोष्टीला जगाच्या कपाटात एक खण आहे, हे कळल्यावर आधी गंमत वाटते आणि मग थोडं विचित्रही वाटतं.

विचित्र वाटायचं कारण असं, की खणात गेल्यावर गोष्टीचा सांगाडा उरतो आणि मांस गळून पडतं. खरी मजा त्या मांसात असते.

कोल्ह्याचंच घ्या. युरोपातल्या गोष्टींमध्ये सगळ्यात लबाड कोण, तर ‘फॉक्स’. इसापच्या गोष्टी मराठीत आल्या (तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ सालीच त्या मराठीत छापल्या गेल्या होत्या) तेव्हा या फॉक्सचा झाला कोल्हा. पण प्राणिशास्त्राच्या हिशोबाने आपला कोल्हा वेगळा प्राणी आहे. फॉक्सच्या जवळचं आपल्याकडे आहे ते खोकड. मग खोकडाला सोडून कोल्ह्यालाच ही भूमिका का मिळाली? कारण भारतीय गोष्टींमध्ये लबाडाची जागा आधीपासून कोल्ह्याचीच होती. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हेच. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत पोचले, आठव्या शतकात अरबीत, आणि तिथे त्यांची नावं झाली ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’.

पश्चिम आफ्रिकेत घानाच्या बाजूला हीच लबाडाची भूमिका अनान्सी नावाचा कोळी करतो. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडे ती कायोटीकडे असते, आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत सशाकडे. भूमिका एकच. अंगाने लहान, ताकद कमी, डोकं तेज, आणि कधीकधी स्वतःच्याच हुशारीने तोंडावर आपटणारा. ती कोणाला द्यायची हे त्या त्या मुलखातली माणसं आपापल्या शेता-बांधावर बघून ठरवतात. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने काकडीच्या वावरात कोल्हा पाहिलाय त्याचीच.

चिमणी-कावळ्याचंही तसंच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो आणि शेणाचं घर वाहून जातं. रशियात याच्या जवळची एक गोष्ट सांगतात. कोल्हीण बर्फाचं घर बांधते, ससा झाडाच्या सालीचं. वसंत आला की कोल्हिणीचं घर वितळतं आणि ती सशाच्या दारात येते. तिकडे घर मोडायला ऊन लागतं, इकडे पाऊस. (शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला भाग. इथे कावळ्याचं घर वाहून जायला एखाद्या वर्षी बरीच वाट बघावी लागेल, तो भाग वेगळा.)

आता वाघाकडे येऊ.

शिरूर-दौंडच्या पोरांसाठी गोष्टीतलं जंगल तसं लांबचंच. हा मुलूख माळरानाचा. माळावर मेंढरं आणि मेंढरांमागे लांडगा. दौंड, बारामती, इंदापूरकडच्या माळांवर लांडगे आजही आहेत. त्यामुळे ‘लांडगा आला रे आला’ ही इसापची गोष्ट, एटीयू यादीतली १३३३ नंबरची, इथल्या धनगराच्या पोराला परदेशी वाटायचं काही कारणच नाही. त्याच्या घरी खरोखरच कोणीतरी रात्री वाघरीपाशी राखणीला बसलेलं असतं.

पण गेल्या काही दशकांत घोड आणि भीमेच्या पाण्यावर, कालव्यांवर इथे ऊस वाढला आणि उसात बिबट्या आला. तिथेच त्याची पिल्लं होतात, तिथेच ती वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलं आणि एका वृद्ध महिलेचा जीव गेला. लोक रस्त्यावर उतरले.

अशा गावात भोपळ्याची गोष्ट सांगणं सोपं राहत नाही. गोष्टीतला वाघ बोलतो, ऐकून घेतो, आठ दिवस थांबायला तयार होतो. म्हणूनच तो फसतो. लोककथेतला दुष्ट प्राणी हा बऱ्याचदा प्राणी नसतोच, तो ताकदवान माणूस असतो: सावकार, पाटील, राजा. त्याच्याशी बोलून वेळ काढता येतो. उसातल्या बिबट्याशी बोलता येत नाही. पोराला दोन्हींतला फरक कळावा लागतो, आणि तो सांगायचं काम गोष्ट संपल्यावर आजीलाच करावं लागतं.

प्राणी नव्हे तर भूमिका बघा, हे पद्धतशीरपणे मांडलं ते रशियाच्या व्लादिमिर प्रॉप यांनी. १९२८ साली त्यांनी अफानास्येव यांच्या संग्रहातल्या १०० जादूच्या गोष्टी उलगडून बघितल्या. पात्रं शेकडो, पण कामं मोजकीच, असं त्यांच्या लक्षात आलं. नायक, खलनायक, मदतनीस, जादूची वस्तू देणारा, कामगिरीवर धाडणारा, जिचा शोध घ्यायचा ती राजकन्या आणि तिचा बाप, आणि शेवटी ‘मीच तो शूर’ म्हणत पुढे येणारा तोतया नायक. अशा फक्त सात भूमिका.

ही पट्टी घरच्या गोष्टीला लावून बघायची तर दौंडच्या शेजारी, पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. जागरणात वाघ्या-मुरळी खंडोबा आणि बाणाईची कथा लावतात. म्हाळसेबरोबर सारीपाटात देव हरतो, त्याला बारा वर्षं घर सोडावं लागतं. तो रूप बदलून चंदनपुरीला धनगराच्या वाड्यावर गडी म्हणून राहतो. मेंढरं मारतो, पुन्हा जिवंत करतो, आणि बाणाईशी लग्न लावून घेतो. युरोपात राजपुत्र सोन्याचे केस टोपीखाली लपवून राजाच्या बागेत माळी म्हणून राबतो, तो नमुना क्रमांक ३१४. वेश पालटून गडी राहणारा नायक दोन्हीकडे आहे.

पण युरोपातली गोष्ट लग्न लागलं की संपते. खंडोबाची तिथे खरी रंगायला लागते, कारण आता बाणाईला जेजुरीला आणायचंय आणि घरात म्हाळसा आहे! दोन सवतींचं भांडण हा जागरणातला लोकांचा आवडता भाग. एक लिंगायत वाण्याची लेक, एक धनगराची. जातीपातीचे, खाण्यापिण्याचे, कामाचे टोमणे त्यात येतात. प्रॉपच्या सात खुर्च्यांत सवतीला खुर्चीच नाही.

हे एकदा दिसलं की पुढचंही दिसायला लागतं. ए. के. रामानुजन यांनी कन्नड बायकांच्या गोष्टी अभ्यासल्या तेव्हा त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. नायक पुरुष असेल तर गोष्ट लग्नापाशी संपते. नायिका बाई असेल तर तिची संकटं लग्नानंतर सुरू होतात. थॉम्पसन यांच्या कथाघटकांच्या सूचीत एस ३१ म्हणजे दुष्ट सावत्र आई आणि एस ५१ म्हणजे दुष्ट सासू. ग्रिम बंधूंच्या पुस्तकाने सावत्र आईला जगभर बदनाम केलं. आपल्याकडे ते मानाचं पान सासूला.

याचा सगळ्यात मोठा पुरावा शिरूर-दौंडच्या घराघरांत होता, जात्याजवळ.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या दोघा अभ्यासकांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी-मावळपासून शिरूर-दौंडपर्यंत आणि पुढे मराठवाड्यापर्यंत त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया, एक लाखाहून जास्त ओव्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येतायत. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायांच्या ओव्या तिथे ऐकायलाही मिळतात.

ओवी म्हणजे काही लोककथा नव्हे. पण कथेतली पात्रं ओवीत येतात तेव्हा ती सांगणारीच्या बाजूची होऊन येतात. सीता बघा. बायकांच्या गाण्या-कथांमध्ये रामाने तिला धोब्याच्या बोलण्यावरून सोडली, एवढ्यावर भागत नाही. कैकयी तिला रावणाचं चित्र काढायला सांगते. सीतेने मान वर करून त्याच्याकडे कधी बघितलेलंच नसतं, म्हणून ती फक्त पायाचा अंगठा काढते. उरलेला रावण कैकयी पुरा करते आणि रामाला नेऊन दाखवते. म्हणजे वनवास सासूने घडवला. निर्दोष सुनेवर आळ घालून तिला घराबाहेर काढणं हा नमुना जगभर आहे, ७०६ आणि ७०७ क्रमांकाच्या गोष्टी त्याच्यावरच उभ्या आहेत. पण पहाटे चारला उठून जात्याचा खुंटा धरणाऱ्या बाईसाठी ती ७०६ नंबरची गोष्ट नव्हती, तो आदल्या दिवशीचा प्रसंग होता.

गावात पिठाची गिरणी आली. हाताला आराम मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. जातं ओढणं म्हणजे काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण त्याबरोबर ती वेळही गेली. दोघी बाया समोरासमोर बसून, पुरुष झोपलेले असताना, मनातलं बोलू शकतील अशी घरातली दुसरी वेळ कुठली होती?

या ओव्यांच्या संग्रहात आणि क्रमांकांच्या यादीत मोठा फरक आहे तो इथे. संग्रहात ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. १२२ एफ शेजारी कोणाचंच नाव नाही.

तेव्हा घरी आजी असेल आणि फोनवर गोष्ट रेकॉर्ड करायची असेल, तर गोष्ट संपली म्हणून लगेच लाल बटण दाबू नका. ही तुला कोणी सांगितली, ते विचारा. ती म्हणेल, आईने. तिचं माहेर कुठलं? कोणी दौंडजवळचं गाव सांगेल, कोणी नदीपलीकडचं श्रीगोंद्याचं, कोणी ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या बाईकडून ऐकलेली असेल. गोष्टी अशाच फिरतात, लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलींबरोबर, मेंढरांच्या वाड्यांबरोबर, बैलगाडीतून कारखान्यावर. मग भोपळ्यात शेवटी काय होतं तेही नीट विचारा. वाघ फसतो, की आवाज ओळखतो? म्हातारी राख फेकते, की कुत्री धावून येतात? दोन आज्यांचं उत्तर सारखं येत नाही. दोन्ही उत्तरं ठेवा, आणि दोघींची नावंही.