सॉफ्टवेअर बदलले, जुना केसपेपर कुठे गेला?

जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली बंद झाली. यंत्र बिघडले नव्हते, व्हायरसही शिरला नव्हता. प्रणाली चालवण्याचे कंत्राट खासगी कंपनीकडे होते आणि कंत्राटाचेच घोडे अडले. केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले, तपासण्यांचे रिपोर्ट कागदावर आले. पुढे केंद्र सरकारच्या एनआयसीची ‘ई-हॉस्पिटल’ प्रणाली आणण्याचे ठरले. नव्या रुग्णांची नोंदणी नव्या प्रणालीत करणे फारसे अवघड नसते. प्रश्न जुन्या रुग्णांचा असतो. ज्यांची गेल्या दहा वर्षांची प्रकृती जुन्या सर्व्हरवर पडून आहे, त्यांचे काय?

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची, वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. दोन खात्यांचे नमुने, नोंदवह्या आणि संगणक एकाच साच्यातले असतील असे धरून चालता येत नाही. त्यातून कोकणातला रुग्ण एका गावाचा नसतोच. राजापूर-लांज्याचा माणूस रत्नागिरीला दाखवतो, शस्त्रक्रियेसाठी मुंबईला मुलाकडे जातो, मधेच कोल्हापूर नाहीतर मिरजेला कुणी चांगले डॉक्टर सांगितले म्हणून तिकडेही जाऊन येतो. प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. हे सगळे एकत्र असते ते फक्त साडीच्या दुकानाच्या एका प्लास्टिकच्या पिशवीत.

प्रणाली बदलणे म्हणजे घर बदलण्यासारखे, सामान टेम्पोत भरले की झाले, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात जुन्या घरातले कप्पे आणि नव्या घरातले कप्पे वेगळे असतात. जुन्या प्रणालीत वय लिहिलेले असते, नवी जन्मतारीख मागते. मग हजारो लोकांचा जन्म एक जानेवारीला झालेला दिसतो. जुन्यात प्लेटलेट लाखात मोजलेल्या, म्हणून ‘१.५’, नवीत हजारात, म्हणून तोच आकडा ‘१५०’ असायला हवा. नुसता आकडा उचलून ठेवला, तर डेंग्यूच्या रुग्णाच्या मागच्या आणि आजच्या प्लेटलेटची तुलनाच करता येत नाही. काही सर्व्हर वेळ ग्रिनिचची धरतात आणि आपण साडेपाच तास पुढे. दहा तारखेला पहाटे दोनला जन्मलेले बाळ तिथे नऊ तारखेच्या रात्री साडेआठला जन्मलेले दिसते.

तारखांची अदलाबदल तर विनोदी वाटावी अशी. कुत्रा चावल्यावर त्वचेत दिल्या जाणाऱ्या रेबीजच्या लसीचे डोस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. समजा, हे डोस ५ जून, ८ जून, १२ जून आणि ३ जुलैला झाले. नव्या प्रणालीने महिना आधी आणि दिवस नंतर असे वाचले, तर तेच डोस ६ मे, ६ ऑगस्ट, ६ डिसेंबर आणि ७ मार्चला झालेले दिसतील. पुढच्या वर्षी पुन्हा कुत्रा चावला तर आधीचा कोर्स पूर्ण होता की नाही, यावर उपचार ठरतो. समोरच्या डॉक्टरांनी या तारखांवरून काय समजायचे?

तरीही आकड्यांच्या चुका निदान पकडता येतात. वीस रुग्णांचे जुने आणि नवे पान शेजारी ठेवले की चटकन दिसतात. खरे नुकसान होते ते शब्दांचे.

प्रत्येक प्रणालीत निदान, औषधे, तपासण्या यांचे ठरलेले रकाने असतात आणि शेवटी ‘शेरा’ म्हणून एक मोकळी जागा असते. घाईच्या ओपीडीत डॉक्टर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तिथेच लिहितात. ‘पेनिसिलीनने अंगावर गांधी उठल्या होत्या, देऊ नये.’ ‘झडप बदललेली आहे, आयएनआर अडीच ते साडेतीन ठेवावा.’ ॲलर्जीसाठी वेगळा रकाना असतो, पण तो उघडायला तीन वेळा क्लिक करावे लागते. मग कोण उघडतो? स्थलांतर करणारा तंत्रज्ञ मात्र रकान्याला रकाना जोडतो. जुन्या शेऱ्याला नव्या प्रणालीत जोड सापडली नाही, तर तो मजकूर मागेच राहतो किंवा ‘इतर माहिती’ नावाच्या अशा टॅबमध्ये जातो, जो कुणी पाहत नाही. मराठीत टंकलेला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर तो पोहोचतो खरा, पण अगम्य चिन्हांची रांग होऊन.

दुसरे नुकसान उत्तर-प्रत्युत्तरांचे. फिजिशियन शल्यचिकित्सकांचे मत मागतात, ते खाली उत्तर लिहितात, त्याखाली भूलतज्ज्ञ आपली हरकत नोंदवतात. हे तिन्ही मिळून एक निर्णय होतो. नव्या प्रणालीत या नोंदी सुट्या होऊन आल्या, तर भूलतज्ज्ञांची हरकत नेमकी कशाला होती, ते कळत नाही. कधी कधी तर सगळ्या नोंदींखाली लिहिणाऱ्याच्या जागी ‘ॲडमिन’ आणि तारीख स्थलांतराच्या दिवसाची. कुणी, केव्हा लिहिले हे पुसले गेले की ती वैद्यकीय नोंद राहत नाही, नुसता मजकूर राहतो. न्यायालयात तर तिची किंमत फारच उतरते.

यावर ‘मग सरकारी प्रणाली घ्या, खासगी नकोच’ असे उत्तर लगेच येते. ते अर्धेच बरोबर आहे. सी-डॅकची ‘ई-सुश्रुत’, एनआयसीची ‘ई-हॉस्पिटल’ या सरकारी संस्थांच्या प्रणाली आहेत आणि थकबाकीवरून त्या रातोरात बंद होण्याची भीती कमी. पण दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला तेव्हा तिथे ‘ई-हॉस्पिटल’च चालू होती आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला सुमारे दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. मालक कोण, यापेक्षा नोंद कोणत्या भाषेत साठवली आहे आणि ती बाहेर कशी काढता येते, हे जास्त महत्त्वाचे.

त्या भाषा तयार आहेत. केंद्राने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. निदानाला, लक्षणांना ‘स्नोमेड-सीटी’चा संकेतांक, प्रयोगशाळेच्या तपासणीला ‘लॉइंक’चा, एक्स-रे आणि स्कॅनला ‘डायकॉम’ हा साचा. पेनिसिलीनची ॲलर्जी संकेतांकाने नोंदली असेल, तर ती कुठल्याही प्रणालीत ॲलर्जी म्हणूनच उघडते, मग शेरा वाचला जावो वा न जावो. कंत्राटावर सही करण्याआधीच विचारायला हवे, की उद्या तुम्हाला सोडायचे झाले तर आमच्या सगळ्या नोंदी लेखकाच्या नावासह, वेळेसह, कोणत्या साच्यात आणि किती दिवसांत द्याल. लग्नाच्या बोलण्यांत घटस्फोटाचा विषय काढावा तसे हे वाटते, म्हणून कुणी काढत नाही. आणि जुनी प्रणाली निदान वर्ष-दोन वर्षे फक्त वाचण्यापुरती चालू ठेवायला हवी. खर्चाच्या अंदाजपत्रकात ही ओळ बहुधा पहिल्यांदा कापली जाते.

२०२१ पासून देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्याबद्दल एक गैरसमज दिसतो. आभा काढले की सगळे जुने कागद आपोआप त्यात येतात, असे लोक समजतात. तसे नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. आभा तिचा पत्ता जोडते आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना ती दाखवते. मूळ रुग्णालयाने जुनी नोंद आभाशी जोडलीच नसेल, किंवा प्रणाली बदलताना ती हरवली असेल, तर दाखवायला काही उरत नाही. आभा काढावेच, पण त्याच्या भरवशावर कागद टाकून देऊ नयेत.

कायद्याने रुग्णाच्या हातात एक गोष्ट दिली आहे आणि ती फार थोडे जण वापरतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षे म्हणजे झडप बदललेल्या किंवा लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या आयुष्यात काहीच नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर न थांबता शस्त्रक्रियेची टिपणे, बसवलेल्या झडपेचा किंवा स्टेंटचा प्रकार आणि क्रमांक, बायॉप्सीचा अहवाल यांच्या प्रती वेळेतच लेखी मागाव्यात. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ती केसपेपरच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात लिहायला सांगावे. ईसीजीची पट्टी मात्र तशीच ठेवू नये. तो उष्णतेने उमटणारा कागद असतो आणि कोकणातल्या दमट हवेत दोन-चार वर्षांत कोरा होऊ शकतो. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.