रिपोर्ट नॉर्मल, मग पाय का उचलत नाही?

सकाळी उठताना उजवा पाय लुळा पडतो. धावपळ करून दवाखान्यात नेतात, सीटी होतो, एमआरआय होतो. दोन दिवसांनी उत्तर मिळतं, 'रिपोर्ट नॉर्मल, काही नाही.' मग घरात कुजबुज सुरू : नाटक करतेय, नाहीतर बाहेरचं असेल. दोन्ही चूक.

पक्षाघातात किंवा डोक्याला मोठा मार लागल्यावर मेंदूतल्या पेशी मरतात आणि ते बहुतेक वेळा एमआरआयमध्ये दिसतं. दुसऱ्या आजारात मेंदूची रचना शाबूत असते, काम बिघडतं. विहिरीवरची मोटर चांगली, केबल चांगली, पण स्टार्टर घेत नाही, तसं. याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी हिस्टेरिया म्हणायचे; तो शब्द मागे पडला ते बरंच झालं.

मात्र एमआरआय कोरा आला एवढ्यावरून हे निदान होत नाही. ते तपासणीच्या खाटेवर होतं. अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी १९०८ मध्ये एक खूण सांगितली. रुग्णाला उताणं झोपवून लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगतात; जोर लागत नाही. मग त्या टाचेखाली हात ठेवून चांगला पाय उचलायला सांगतात आणि तो वरून दाबून धरतात. फंक्शनल आजारात लुळ्या पायाची टाच आपोआप हातावर दाबली जाते. म्हणजे ताकद आहे, पण मुद्दाम मागितली की मिळत नाही. पक्षाघातात टाच दोन्ही वेळा ढिलीच राहते. अर्थात एका खुणेवर डॉक्टर थांबत नाहीत. आणि एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात.

हे सोंग नव्हे. रुग्णाला ही खूण समजावून दाखवली की बऱ्याच जणांचा स्वतःच्या पायावर विश्वास बसू लागतो, तिथून फिजिओथेरपी सुरू होते.

झटके येत असतील तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डोळे उघडे होते की मिटलेले, हेसुद्धा डॉक्टरांना उपयोगी पडतं.

पण हात-पाय अचानक गळाला तर फरक घरी ठरवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सुरुवातीच्या तासांत पक्षाघात असूनही सीटी नॉर्मल दिसू शकतो.

आपल्याकडे बऱ्याचदा डॉक्टर कन्नड, गुजराती नाहीतर हिंदीत सांगतात आणि सोबतचा माणूस घरच्यांना मराठीत सांगतो. त्याने 'काही नाही' एवढंच आणू नये. तपासणीत कोणती खूण दिसली, तेही विचारून यावं.