धवलेरीचे गीत आणि स्त्रीची अधिकारवाणी

गीतातील स्त्रीचे आत्मभान शोधताना आपण बहुधा शब्दांच्या अर्थाकडेच पाहतो. परंतु गीत कोण म्हणते आणि म्हणण्याने काय घडते, हेही पाहावे लागते.

पालघर जिल्ह्यातील वारली समाजाचे उदाहरण घ्या. तेथे परंपरेने विवाहविधी चालवते ती धवलेरी, म्हणजे स्त्रीच. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नचौक रेखाटतात. त्यात पालघट देवी असते. धवलेरी गीतांतून देवतांना आवाहन करून विधी पुढे नेते.

जात्यावरच्या ओवीत स्त्री आपले सुखदुःख बोलते. तेथे आत्माविष्कार प्रधान असतो. धवलेरीच्या गीतात मात्र बोलणे हेच कर्म असते. भाषातत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या मते काही उक्तींनी कार्यच सिद्ध होते. त्यासाठी बोलणाऱ्याला समाजमान्य अधिकार हवा. येथे तो स्त्रीकडे आहे. म्हणून स्वतःच्या सामर्थ्याचा उल्लेखही न करता ते गीतातून प्रकट होते.

मात्र यावरून तिचे सर्व जीवन स्वतंत्र होते, असा निष्कर्ष काढू नये. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’चे चित्रण आहे. ज्या विवाहात स्त्रीची वाणी प्रमाण, तोच विवाह दास्याचे कारणही ठरे.

स्वाध्याय : बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात. तेथील किंवा आपल्या परिसरातील एक लग्नगीत, गाणारीच्या संमतीने, टिपून घ्या. ते कोण, कोणाला उद्देशून म्हणते आणि त्याने कोणते कार्य घडते, ते लिहा.