कमानीतलं अक्षर: निजामी नाण्यांचे फोटो घरच्या घरी

हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांत, देवघरातल्या डबीत, कधीकधी हाली रुपया सापडतो. सहा इंग्रजी रुपयांना सात हाली, हा तेव्हाचा हिशेब. आपण हौसेनं त्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि पाहावं तर नेमकी मोलाची जागा पांढरीफटक!

ती जागा म्हणजे चारमिनारची कमान. तिच्यात 'मीम' असेल तर नाणं महबूब अली खान यांच्या काळचं; 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांचं, म्हणजे १९११ पासून पुढचं. त्यातही अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर ऐन अर्धाच आहे, पूर्ण नंतर आला. साल झिजलेलं असलं तरी राज्य कुणाचं ते हे अक्षर सांगतं. रुपयाच मुळी तीनेक सेंटिमीटरचा, त्यात हे अक्षर तिळाएवढं.

आधी एक सांगतो, चिंच आणि भांड्यांची पावडर लांब ठेवा. घासून चकाकी येते, पण जुना थर आणि बारीक उठाव जातो तो कायमचा.

स्टुडिओ म्हणजे खिडकीजवळचं टेबल. थेट ऊन नको. फ्लॅश बंद. उजेड एकाच बाजूनं, तिरका आणि खालून सरपटत यायला हवा, तरच उठावाची सावली पडते. दिवा वापरलात तर पुढे ट्रेसिंग पेपर धरा, समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा. उजेड नाण्याच्या वरच्या डाव्या बाजूनं घ्या. खालून घेतला तर डोळा फसतो आणि उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात.

नाणं थेट कापडावर ठेवू नका, बाटलीच्या झाकणावर ठेवा. मागचं करडं कापड धूसर होतं आणि नाणं सुटं दिसतं. मोजपट्टीही तेवढ्याच उंचीवर हवी, नाहीतर माप चुकतं. मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींवर, नाण्याला समांतर, वीतभर वर. फार जवळ नेलात तर त्याचीच सावली पडते. त्यापेक्षा थोडं झूम करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, हात हलायचा प्रश्नच नाही. फोकससाठी बोट कमानीवरच टेकवा.

मग नाणं उलटा, दिवा न हलवता. मागच्या बाजूला किंमत, राज्यवर्ष आणि 'फरखुंदा बुनियाद हैदराबाद' ही टांकसाळ असते. तीही वाचता आली पाहिजे.