मोटारीचें मेण आणि स्वयंपाकघरांतील ओटा

मोटारीस चकाकी आणणारें मेण ओट्यास लावलें तर तोही तसाच चकाकेल, असा समज हल्लीं पुष्कळांचा झालेला दिसतो. डबा घरांत असतोच. मग ओट्यानें काय पाप केलें? परंतु मोटारीच्या टपावर कोणी मासळी कापीत नाहीं, हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

या मेणांत पुष्कळदां कार्नोबा नांवाचें मेण असतें. ब्राझील देशांतील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून तें मिळतें. मधमाश्यांचें मेण सुमारें ६३ अंशांवर वितळतें, तर हें सुमारें ८३ अंशांपर्यंत टिकतें. म्हणून उन्हांत तापलेल्या पत्र्यावर त्याचा उपयोग. शुद्ध कार्नोबा मिठाईच्या गोळ्यांनाही लावतात. परंतु डब्यांतील पदार्थ निव्वळ कार्नोबा नसतो. त्यांत घासलेटाच्या जातीचे द्राव, सिलिकोन आणि कित्येकदां घासणारी बारीक भुकटीही असते. जेथें आपण अन्न ठेवतों तेथें अशी वस्तु असूं नये. एवढी एकच हरकत वस्तुतः पुरेशी आहे.

शिवाय चुलीवरून नुकतेंच उतरविलेलें पातेलें शंभर अंशांच्या जवळपास तापलेलें असतें. तें ठेवतांच मेण वितळून धुरकट वर्तुळ उमटतें आणि त्यावर धूळ व तेल चिकटून बसतें.

आतां दगडाकडे पाहूं. आपल्याकडील ओट्यांना बहुधा कडप्पा किंवा ग्रॅनाईट असतो. आंध्र प्रदेशांतून येणारा काळा कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा. लिंबू, चिंच वा आमसूल यांचा रस त्यावर सांडून राहिला, कीं त्यांतील आम्ल चुनखडीस विरघळवितें व तेथील तकाकी जाते. हा डाग नव्हे. दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. मेणानें तो झांकतो, भरून येत नाहीं. ज्या दाभोळांत सोलकढीवांचून जेवण पुरें होत नाहीं, तेथें सांडलेला रस तत्काळ पुसणें हाच खरा उपाय होय. ग्रॅनाईट अशा रसास सहसा दाद देत नाहीं, परंतु त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरतें. ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटें थांबावें. जागा काळवंडली तर दगड पाणी पितो असें समजावें, आणि छिद्रांत मुरणारें, अन्नाच्या जागीं चालेल असें लिहिलेलें दगडाचेंच द्रव्य आणून लावावें. एरव्हीं सौम्य साबणाचें पाणी व कोरडें फडकें पुष्कळ झालें.

न्हाणीच्या किंवा पडवीच्या फरशीस तर हें मेण कदापि लावूं नये. ओल्या पायानें घसरून आजीचें हाड मोडलें, तर ती चकाकी फार महाग पडेल.

मग डब्याचें काय करावें? वाशिष्ठीच्या मुखाशीं राहणाऱ्या आपणांस त्याचें काम शोधावें लागत नाहीं. हवेंतील मीठ ओलावा धरून ठेवतें, त्यामुळें लोखंड लवकर गंजतें. मेणाचा पातळ थर पाणी व हवा कांहीं काळ अडवितो. खिडकीचे रंगविलेले गज, पत्र्याच्या कपाटाची बाहेरची बाजू आणि मुलांची सायकल यांस तें पावसाळ्यापूर्वीं अवश्य लावावें. सायकलच्या चाकाची जी कड ब्रेकला लागते, ती मात्र सोडावी.