ध्वनिलोप, लिनक्स प्रणालीतील
लिनक्स संगणकावर काही प्रोग्रॅमांचा आवाज येतो व काहींचा येत नाही, तेव्हा साउंड कार्ड व त्याचा ड्रायव्हर सहसा निर्दोष असतात. दोष मधल्या मार्गात असतो. कर्नेलातील ॲल्सा ही व्यवस्था कार्ड चालविते, तर तिच्यावरील ध्वनिसेवक अनेक प्रोग्रॅमांचे ध्वनी एकत्र मिसळतो. फेडोरा वितरणाने या कामी २००७ मध्ये पल्सऑडिओ व २०२१ मध्ये पाइपवायर स्वीकारला. सेवकास वगळून कार्ड थेट ताब्यात घेणारा जुना प्रोग्रॅम इतरांना मुके करू शकतो. कार्ड आधीच गुंतलेले असल्यास तो स्वतःच मुका राहतो. मात्र नेहमीचे कारण याहून साधे असते. सेवक प्रत्येक प्रोग्रॅमची आवाजपातळी व निर्गममार्ग ध्यानात ठेवतो. त्यामुळे एकदा बंद केलेला किंवा एचडीएमआय पडद्याकडे वळविलेला आवाज पुढेही तसाच राहतो. ही नोंद सेवकाकडे असल्याने प्रोग्रॅम पुन्हा बसविण्याचा प्रचलित उपाय बहुधा वाया जातो. प्रोग्रॅम वाजत असताना पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमधील ‘प्लेबॅक’ यादी पाहावी. तेथे त्याचे नाव असल्यास पातळी व मार्ग दुरुस्त करावा; नसल्यास त्याचे ध्वनिनिर्गम सेवकाकडे वळवावे.